थीम पार्कच्या वेळा उन्हाळ्यापुरत्या बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या परीक्षा आटोपत आल्या की आमच्या सोसायटीत दरवर्षी एकच विषय निघतो, तो म्हणजे मे महिन्यात मुलांना थीम पार्कला कधी न्यायचे. खोपोली, लोणावळा, शिर्डी, नागपूर अशा ठिकाणी आता मोठी मनोरंजन पार्क आणि वॉटर पार्क झाली आहेत, आणि पूर्वी मामाच्या गावाला जाणारी सुट्टी निदान एका दिवसापुरती तरी तिकडे वळली आहे. यात वाईट काही नाही. मी बत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि शाळेच्या सहलींबरोबर अनेकदा अशा ठिकाणी गेले. झोपाळ्यावरून उतरलेल्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आजही आठवतो. पण शाळेची सहल आम्ही डिसेंबर-जानेवारीत नेत असू आणि घरची सहल निघते ती मे महिन्यात. मुले तीच, पार्क तेच, ऊन मात्र वेगळे. सुट्टी तेव्हाच असते, मावस-मामे भावंडे तेव्हाच एकत्र जमतात, नोकरदार आईवडिलांना रजाही तेव्हाच मिळते; म्हणून ‘उन्हाळ्यात जाऊच नका’ असा सल्ला देणे मला योग्य वाटत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत पार्कच्या वेळा व तिकिटांची रचना उन्हाकडे बघून ठरवली गेली पाहिजे, आणि तसे होईपर्यंत कुटुंबांनीही आपला बेत उन्हाकडे बघूनच आखला पाहिजे.

हे लिहिण्यास कारण झालेला प्रसंग गेल्या मे महिन्यातला आहे. आम्ही घरचे सहा जण एका मोठ्या पार्कला गेलो होतो. त्याचे नाव मी देत नाही, कारण मला जे खटकले ते बहुतेक ठिकाणी असेच चालते. सकाळी साडेदहाला दरवाजे उघडले, तेव्हाच फरशीचा ताप चपलेतून जाणवत होता. प्रवेशद्वारावर सामानाची तपासणी झाली आणि घरून भरून आणलेल्या पाण्याच्या चार बाटल्या व पन्ह्याची बाटली बाहेर ठेवण्यास सांगितले गेले. आत पाणी विकत मिळत होते. फुकट पाण्याचा नळ होता, पण तो एका टोकाला होता आणि त्यातून कोमट पाणी येत होते. दुपारी एकच्या सुमारास आम्ही एका राइडच्या रांगेत होतो. लोखंडी कठड्यांची नागमोडी रांग, वर पत्रा फक्त शेवटच्या टप्प्याला, बाकी सगळे उघडे. माझ्या सात वर्षांच्या नातीला रांगेत पुढे किती माणसे उरली हे मोजत राहण्याची सवय आहे. चाळीस, अडतीस, पस्तीस असे तिचे चालले होते आणि मग ती मोजायची थांबली. कंटाळली असेल असे आम्हाला वाटले. मी तिचा हात धरला तर तळवा गार आणि चिकट लागला, गाल मात्र लालबुंद होते. ‘आजी, मळमळतंय’ म्हणाली आणि कठड्यालाच टेकून ओकली.

तिथे उभ्या असलेल्या सुरक्षारक्षक ताईंनी एका क्षणात आपली ओढणी पाण्यात भिजवून तिच्या मानेभोवती गुंडाळली आणि आम्हाला जवळच्या सामानाच्या खोलीत पंख्याखाली नेले. प्रथमोपचार केंद्रातल्या परिचारिकेने जलसंजीवनी घोटघोट पाजली, बूट-मोजे काढले, अंग पुसले, आणि तासाभरात पोर पुन्हा बोलू लागली. दोघींचेही उपकार मी विसरणार नाही. पण त्या ताई स्वतः जाड गणवेशात सकाळपासून त्याच उन्हात उभ्या होत्या, आणि ‘रोज तीन-चार मुलं अशी येतात हो’ असे परिचारिकाबाईंनी अगदी सहज सांगितले, ते माझ्या मनातून जात नाही.

एरवी काळजी घेणारी माणसे भर दुपारी रांगेत का उभी राहतात, याचा मी घरी आल्यावर पुष्कळ विचार केला. कारण तिकिटातच आहे. चौघांच्या कुटुंबाचे तिकीट, गाडीचा खर्च आणि जेवण मिळून काही हजार रुपये होतात. तिकीट दिवसभराचे एकच. पार्क सकाळी साडेदहा-अकराला उघडते आणि संध्याकाळी बंद होते. म्हणजे मे महिन्यातले जे तास बाहेर राहण्याजोगे असतात, सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाचनंतरचे, त्यांतले निम्मे पार्क बंद असताना जातात, आणि ज्या चार तासांत डॉक्टर, हवामान खाते, सरकार सगळे सावलीत थांबा म्हणून सांगतात ते सगळेच्या सगळे तिकिटात येतात. पैसे फिटले पाहिजेत ही भावना मध्यमवर्गीय माणसाला सोडत नाही आणि ती सोडावी अशी अपेक्षाही करू नये. वर्षातून एकदा पोरांसाठी एवढा खर्च करणारा बाप बारा ते चार उपाहारगृहात बसून राहील, असे कोणी मानू नये.

‘पण तापमान तर अडतीसच होते’ असे आमच्या जावयांनी परतताना म्हटले, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. वेधशाळेचा आकडा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर मोजलेला असतो. रांगेतल्या मुलाच्या डोक्यावर सावली नसते, खाली तापलेली फरशी असते, बाजूला लोखंड असते आणि त्याची उंचीच मुळी सव्वा मीटरच्या आसपास असते. शिवाय कोकणपट्टीत आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी हवेत दमटपणा असतो. आपले शरीर थंड होते ते घाम वाळल्याने. घाम नुसता आल्याने होत नाही. हवा दमट असली की घाम निथळतो, पण वाळत नाही, आणि आतली उष्णता आतच राहते. हवामान खात्याने उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी किमान ४० अंश, पण किनारपट्टीसाठी ३७ अंश अशी वेगवेगळी पातळी धरली आहे, आणि त्याच्या जोडीला तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असावे लागते. विदर्भातले अडतीस आणि रायगडातले अडतीस शरीराला सारखे नसतात. लहान मुलांचे तर आणखी अवघड. वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचा विस्तार मोठा असतो, म्हणून बाहेरची उष्णता ती लवकर शोषतात, घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो, आणि खेळाच्या भरात तहान लागल्याचे ती सांगतही नाहीत.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर झालेल्या शासकीय पुरस्कार सोहळ्याची आठवण इथे काढली पाहिजे. उघड्या मैदानात सकाळपासून दुपारपर्यंत बसलेल्या लोकांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या दिवशीची परिसरातली अधिकृत नोंद चाळीस अंशांच्या आतलीच होती. पार्कमधली गर्दी तेवढी नसते, माणसे उठून सावलीत जाऊ शकतात, हे मान्य. पण दमट हवेत, सावलीविना, पुरेशा पाण्याविना कित्येक तास काढले तर काय होऊ शकते हे आपल्याला माहीत नाही, असे म्हणायला त्या दिवसानंतर जागा उरलेली नाही.

जागेचाही विचार व्हावा. १९८९ मध्ये गोराई बेटावर एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा आम्ही लाँचमधून खाडी ओलांडून तिथे जात असू. दुपारनंतर समुद्राचा वारा सुटे आणि ऊन असूनही जीव घाबरा होत नसे. पुढे एक्स्प्रेसवेमुळे मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांना सोयीची अशी घाटाच्या पायथ्याची जागा पुढे आली. ती रस्त्याने सोयीची आहे, हवेने नाही. समुद्राचा वारा तिथवर उशिरा आणि थकून पोहोचतो, आणि घाटावरून उतरणारा वारा उतरताना आणखी तापतो. याच रायगड जिल्ह्यातल्या भिरा येथे २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंशांची नोंद झाली होती. मुंबईचे तापमान वाचून आतल्या भागातल्या सहलीचा बेत आखणे किती चुकीचे ठरते, हे यावरून कळावे.

वॉटर पार्क म्हणजे उन्हावरचा उतारा, असा समज आहे. तोही पुरता खरा नाही. पाण्यात असताना गार वाटते, म्हणून तहान कळत नाही, पण अंग पाणी गमावतच असते. भिजलेल्या खांद्यांवर आणि मानेवर ऊन तितकेच पडते आणि संध्याकाळी त्वचा भाजल्यासारखी लाल होते. एका घसरगुंडीकडून दुसरीकडे जाताना अनवाणी पायांना बसणारे चटके ज्यांनी सोसले आहेत त्यांना मी वेगळे सांगायला नको. मुलांना बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा, चपला हातात न धरता पायात ठेवू द्याव्यात आणि दर अर्ध्या तासाने, मागितले नाही तरी, पाणी द्यावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडते आहे, ही खूण मी शाळेत मुलांना शिकवत असे आणि ती मुलांना चटकन समजते.

उन्हाळ्यातच जायचे असेल तर आम्ही आता जे ठरवले आहे ते सांगते. शक्य असेल तर मेच्या मध्याऐवजी दिवाळीची सुट्टी धरावी. नाहीच जमले तर शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधला दिवस घ्यावा, कारण रांग निम्मी झाली की ऊनही निम्मेच अंगावर येते. भल्या पहाटे निघून दमल्या अंगाने पोहोचण्यापेक्षा आदल्या रात्री जवळ मुक्काम करावा. दार उघडताच उघड्यावरच्या मोठ्या राइड आधी उरकाव्यात, बारा ते चार या वेळेत बंदिस्त, वातानुकूलित खेळ, शो आणि जेवण ठेवावे, आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडावे. आदल्या रात्री पार्कच्या नकाशावर छताखालच्या जागांना खुणा करून ठेवण्यात दहा मिनिटे जातात आणि दुपार वाचते. रेक्झिनच्या आसनावर आणि मांडीवर येणाऱ्या लोखंडी दांड्यावर मुलाला बसवण्यापूर्वी आपला हात ठेवून बघावा. न्याहारी पोह्यांसारखी हलकी असावी, वडापाव आणि थंड पेये यांच्यावर दिवस काढू नये. आणि आजी-आजोबांना ‘तुम्ही गाडीतच बसा’ असे सांगून कोणी आत जाऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतले तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी वाढू शकते. आमच्याच शेजारच्या गाडीत एक वृद्ध गृहस्थ काच चार बोटे खाली करून, वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले मी पाहिले आणि त्यांना झाडाखाली आणून बसवले.

जलसंजीवनीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण सुशिक्षित घरांतही इथे चूक होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार केलेली पावडर २०.५ ग्रॅमची असते आणि ती एक लिटर पाण्यातच मिसळायची असते. पेलाभर पाण्यात अख्खी पुडी टाकणे हानिकारक आहे. घरी करायची तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. दुकानात ‘ओआरएस’ असे नाव लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांत साखर भरमसाट आणि क्षार कमी असत. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असे नाव वापरण्यास मनाई केली, हे फार चांगले झाले. ताक, कोकम सरबत, लिंबूपाणी हे मीठ घातलेले असतील तर उत्तमच. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या जाऊ लागल्या किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असू शकते. अशा वेळी तोंडाने काहीही पाजू नये, तापाची गोळी देऊ नये, १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वाट न बघता मिळेल त्या थंड पाण्याने अंग भिजवून जोरात वारा घालत राहावे. आधी गार करणे, मग हलवणे, हाच क्रम डॉक्टर सांगतात. वॉटर पार्कमध्ये तर गार पाणी दहा पावलांवर असते.

आता पार्कचालक आणि शासन यांच्याकडे वळते. १५ एप्रिल ते १० जून या काळात पार्क सकाळी आठला उघडावीत, उघड्यावरच्या राइड दुपारी बारा ते चार बंद ठेवाव्यात आणि पार्क रात्री नऊपर्यंत चालू ठेवावीत. मुंबई-पुण्याहून येणारी माणसे सकाळी आठला पोहोचणार नाहीत, ही अडचण मला मान्य आहे. म्हणूनच दुपारी चार ते नऊ असे वेगळे, निम्म्या दराचे तिकीट असावे. घरून जेवून निघालेले कुटुंब पाच तास गारव्यात मनसोक्त खेळेल आणि पैसे फिटल्याचे समाधानही त्याला मिळेल. पार्कचेही यात नुकसान नाही. एका दिवसात दोन पाळ्यांचे प्रेक्षक येतील.

रांगांवर सर्वत्र छप्पर किंवा निदान हिरवी जाळी असावी. हिरव्या जाळीचा खर्च फार नाही. आमच्याकडचा रोपवाटिकावाला मोगऱ्याच्या रोपांवरही ती बांधतो. घरचे पाणी आत नेऊ द्यावे. खाद्यपदार्थांबद्दल पार्कचे नियम असू शकतात, पण पाण्याची गोष्ट वेगळी आहे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांना बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याचा अधिकार मान्य केला, तेव्हाही प्रेक्षकांना स्वच्छ पिण्याचे पाणी मोफत मिळाले पाहिजे हे नमूद केले होते. वातानुकूलित अंधारात अडीच तास बसणाऱ्याला जे मिळते ते उन्हात आठ तास चालणाऱ्या मुलाला का मिळू नये?

दुबईचे उदाहरण देते, कारण मे महिन्यात स्वस्त पडते म्हणून अनेक मराठी कुटुंबे हल्ली तिकडेच जातात. तिथल्या उन्हाला शरण जाऊन त्यांनी व्यवस्था उभी केली आहे. अबुधाबीचे फेरारी वर्ल्ड २०१० पासून आणि दुबईचे आयएमजी वर्ल्ड्स २०१६ पासून चालू आहे, आणि दोन्ही मुख्यतः छताखाली, वातानुकूलित आहेत. उघड्यावरचे ग्लोबल व्हिलेज उन्हाळ्यात चक्क बंद असते. सहलीची नोंदणी करताना हे विचारून घ्यावे. उघड्यावर काम करणाऱ्यांना १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन काम न देण्याचा नियमही तिथे आहे. आपल्याकडच्या पार्कमध्ये राइड चालवणारी, तिकिटे तपासणारी, केसाळ पोशाख घालून मुलांशी हस्तांदोलन करणारी मुले-मुली आसपासच्या गावांतलीच असतात. राइड दुपारी चार तास बंद राहिल्या तर त्या ओढणीवाल्या ताईंनाही सावली मिळेल.

अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला आणि त्यानंतर आपल्या राज्यातल्या शहरांनीही तसे आराखडे केले. त्यात शाळा, बांधकामे, बसस्थानके यांचा विचार होतो. मे महिन्यात हजारो मुले एका आवारात जमवणाऱ्या मनोरंजन पार्कचा त्यात स्पष्ट समावेश व्हावा, आणि उष्णतेच्या लाटेचा इशारा जारी झाल्यास त्या दिवसाचे तिकीट विनाशुल्क पुढच्या तारखेला वापरण्याची मुभा बंधनकारक व्हावी, अशी मागणी मी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे लेखी केली आहे. पैसे बुडतील या भीतीने इशारा असतानाही घराबाहेर पडणारी माणसे या एका नियमाने घरी थांबतील.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. हवामानाच्या चौकटीत आपण मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांचे कमाल व किमान तापमान देता. एप्रिल-मे महिन्यांत दर शुक्रवारी त्यात खोपोली-कर्जत, लोणावळा आणि शिर्डी या ठिकाणांचे अपेक्षित तापमान व हवेतील आर्द्रता अशा दोन ओळी वाढवल्यास शनिवारची बॅग भरणाऱ्या आईवडिलांच्या नजरेस ते आकडे वेळेवर पडतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली